१९ वर्षं घेतलेली गोळी आज अचानक वाईट कशी झाली?

डॉक्टर, नमस्कार. माझं वय ६६, राहणार कांदिवली, मंत्रालयातून निवृत्त. ११ जुलै २००६ला लोकलमध्ये स्फोट झाले तेव्हा मी मागच्याच गाडीत होते. अंधारात रुळांवरून चालत माहीमला आले. त्यानंतर गाडीत चढलं की धडधड, घाम, जीव घुसमटायचा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम सुरू केली, सकाळी पाव मिलिग्रॅम आणि रात्री अर्धा. तेव्हापासून तीच चालू आहे, डोस कधी वाढवला नाही. मागच्या वर्षी डॉक्टर वारले. आता ज्या मॅडमकडे जाते त्या म्हणतात, ही गोळी आता अशी वर्षानुवर्षं देत नाहीत, हळूहळू बंद करू आणि एस्सिटालोप्राम सुरू करू. मध्यंतरी मी रात्री बाथरूमला जाताना पडले, तेही गोळीमुळेच म्हणतात. मोबाइलवर काहीबाही वाचून मी आपणहून गोळी बंद केली, तर दोन रात्री हातपाय थरथरले, डोळ्याला डोळा लागला नाही. मग परत घेतली. म्हणजे आजार अजून आहेच ना? केमिस्ट आता चिठ्ठीशिवाय देत नाही. नवी गोळी डिप्रेशनची आहे म्हणे, मला तर डिप्रेशन नाही. १९ वर्षं मी चुकीचं औषध घेतलं का? की कंपन्यांच्या फायद्यासाठी औषधं बदलतात? उद्या हीसुद्धा वाईट ठरली तर? माझ्या जाऊबाई झोप आली नाही की माझ्या पट्टीतली अर्धी गोळी मागून घेतात, त्यांनाही सांगायचं आहे.
– एक वाचक, कांदिवली

ताई, नमस्कार.

आधी एक काम करा. आज रात्रीची गोळी नेहमीसारखी घ्या. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. इतकी वर्षं रोज घेतलेली अल्प्राझोलाम एकदम तोडणं धोक्याचं असतं. तुमचं थरथर आणि जागरणावर निभावलं. काहींना अशा वेळी फिट येते, काहींना भास होतात. कुणी कितीही आग्रह केला तरी हा प्रयोग पुन्हा आपणहून करू नका.

त्या दोन रात्री जुना आजार उसळला असं मला वाटत नाही. मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, मज्जापेशींची उत्तेजना खाली आणणं हे त्याचं काम. अल्प्राझोलाम गाबाचा परिणाम वाढवते. रोज बाहेरून अशी मदत मिळत राहिली की मेंदू ती गृहीत धरून आपला समतोल बसवतो. ती अचानक गेली की उत्तेजना आवरायला काही उरत नाही, आणि जाणवतं ते हुबेहूब घबराटीसारखंच. शिवाय ही गोळी शरीरातून लवकर उतरते. साधारण ११ तासांत तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, तुमच्या वयात थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून एखादा दिवस चुकला तरी त्रास जाणवतो. याला व्यसन समजून स्वतःला दोष देऊ नका. तुम्ही डोस वाढवला नाहीत, दोन-दोन डॉक्टरांकडून चिठ्ठ्या घेतल्या नाहीत. शरीराला गोळीची सवय झाली आहे आणि ती उतरवता येते.

आता तुमचा मोठा प्रश्न. १९ वर्षं चुकीचं औषध घेतलं का?

हा प्रश्न तुमच्याआधी निदान तीन पिढ्यांना पडला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अस्वस्थ माणसाला बार्बिट्युरेट जातीची औषधं मिळायची. त्यातलं फिनोबार्बिटोन १९१२ साली आलं. गार्डेनाल या नावाने ते आपल्याकडे आजही फिट्ससाठी दिलं जातं. या औषधांचा दोष भयंकर होता. झोप आणणारा डोस आणि जीव घेणारा डोस यांत अंतर फार थोडं, त्यात दारू घेतलेली असली तर ते आणखी कमी. मेरिलिन मन्रो १९६२ साली गेली ती याच जातीच्या गोळ्यांच्या अतिडोसाने. दरम्यान १९५५ साली अमेरिकेत मेप्रोबामेट ही मन शांत करणारी गोळी आली. मिलटाउन या नावाने ती इतकी खपली की दुकानदारांना ‘मिलटाउन संपली’ अशा पाट्या लावाव्या लागल्या. ही बार्बिट्युरेटपेक्षा बरी, असं सगळे म्हणत होते. मग कळलं की हिचीही सवय लागते.

त्याच दशकात रॉश कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख हे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. १९५७ साली प्रयोगशाळा आवरताना अर्धवट सोडलेल्या कामातला एक पदार्थ सापडला. टाकून देण्याआधी तो तपासायला पाठवला, आणि त्यातून १९६० साली लिब्रियम बाजारात आली. १९६३ साली व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, जी आपल्या घरांत ‘काम्पोज’ म्हणून ओळखली गेली. तुमची अल्प्राझोलाम याच कुटुंबातली, बेन्झोडायझेपिन. अमेरिकेत ती १९८१ साली आली. या गोळ्या बार्बिट्युरेटपेक्षा कितीतरी सुरक्षित होत्या, हे अगदी खरं आहे. नुसत्या डायझेपामच्या अतिडोसाने माणूस दगावणं दुर्मीळ. डॉक्टरांना हायसं वाटलं आणि त्यांनी मोकळ्या हाताने गोळ्या लिहिल्या. १९६९ ते १९८२ या काळात अमेरिकेत सगळ्यात जास्त लिहून दिलं जाणारं औषध डायझेपामच होतं.

सवय लागते हे मोठ्या प्रमाणावर लक्षात आलं ते वर्षानुवर्षं या गोळ्या घेणारे लाखो लोक तयार झाल्यावर. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला हेदर अॅश्टन या प्राध्यापकांनी १९८२पासून १२ वर्षं फक्त या गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. रोज ठरल्याप्रमाणे गोळी घेणारी, एक मिलिग्रॅमही जास्त न घेतलेली माणसं तिथे येत होती. तुमच्यासारखीच. १९८८ साली ब्रिटनमध्ये अधिकृत सल्ला निघाला की चिंतेसाठी ही गोळी दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला मात्र या कुटुंबातल्या सगळ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकावर सवयीबद्दल ठळक चौकटीतला इशारा छापायला लावण्यासाठी २०२० साल उजाडावं लागलं.

म्हणजे औषध तेच आहे, आपण त्याला विचारतो तो प्रश्न बदलला. आधी विचारत होतो, आज रात्री बरं वाटेल का? त्याचं उत्तर हो होतं आणि अजूनही आहे. नंतर विचारायला लागलो, दहा वर्षांनी काय? तिथे ही गोळी नापास झाली. गोळीचं बाकीचं काम संपलेलं नाही. थांबत नसलेली फिट थांबवायला, दारू सोडताना होणारा त्रास आवरायला, शस्त्रक्रियेआधी माणसाला शांत करायला ही औषधं आजही लागतात आणि उत्तम काम करतात.

तुमच्या दिवंगत डॉक्टरांबद्दल माझं मत स्पष्ट सांगते. जुलै २००६मध्ये, समोर थरथरणारी बाई बसलेली असताना त्यांनी अर्ध्या तासात आराम देणारी गोळी दिली, त्यामागची माणुसकी मला कळते. चूक पुढे झाली. गोळी सुरू करताना ती कधी थांबवायची हे ठरलं नाही. महिना गेला, वर्ष गेलं, चिठ्ठीवर ‘तेच चालू ठेवा’ येत राहिलं. मुंबईत गर्दीच्या दवाखान्यात एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात. पाच मिनिटांत गोळी लिहून होते, गोळी सोडवणं होत नाही. हे त्या एका डॉक्टरांचं नाही, आपल्या सगळ्या व्यवस्थेचं आहे, आणि याचा मला मनापासून त्रास होतो.

कंपन्यांच्या फायद्याबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्यच. एस्सिटालोप्राम ज्या गटातली आहे त्यातली फ्लुओक्सेटिन अमेरिकेत १९८७च्या अखेरीस मंजूर झाली. त्या पाठोपाठ आलेल्या गोळ्यांच्या कंपन्यांनी आधी डिप्रेशनसाठी आणि मग एकेक करून चिंतेच्या आजारांसाठी मंजुऱ्या मिळवल्या आणि तुफान जाहिरात केली. पॅरोक्सेटिन १८ वर्षांखालच्या मुलांसाठी मंजुरी नसताना खपवल्याच्या आरोपासह इतर प्रकरणांत ग्लॅक्सोस्मिथक्लाइनला २०१२ साली अमेरिकेत एकूण ३ अब्ज डॉलर भरावे लागले. तेव्हा नवी गोळी पुढे आली त्यात विज्ञान होतं तसा पैसाही होता. पण तुमच्या बाबतीत ही शंका काढून टाका. अल्प्राझोलाम आणि एस्सिटालोप्राम दोन्हींची पेटंटं केव्हाच संपली आहेत, दोन्ही जेनेरिक मिळतात. एका पट्टीऐवजी दुसरी लिहिण्यात कुणा एका कंपनीचा मक्ता राहिलेला नाही. त्यांनी बदल सुचवला त्यामागे तुमचं पडणं आहे.

त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या दृष्टीने पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. वय वाढतं तसं यकृत या गोळ्या सावकाश काढून टाकतं आणि मेंदूवर त्यांचा परिणाम जास्त होतो. चाळिशीत सोसलेला डोस पासष्टीत जड जातो. रात्री झोपेतून उठल्यावर पाय अडखळतात, तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढचं सगळं आयुष्य बदलतं. ज्येष्ठांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची बीअर्स यादी अमेरिकेत १९९१पासून आहे, जगभर डॉक्टर ती वापरतात, आणि बेन्झोडायझेपिन तिच्यात आहेत. पण त्याच यादीत असंही म्हटलं आहे की आधी पडलेल्या माणसाला एस्सिटालोप्रामच्या गटातली औषधंसुद्धा जपून द्यावीत. म्हणून गोळी बदलली तरी बाथरूमच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा ठेवा, पायपुसणं काढून टाका आणि उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसून मग चाला.

‘डिप्रेशनची गोळी’ हे नाव मनावर घेऊ नका. हा गट आधी डिप्रेशनसाठी मंजूर झाला म्हणून नाव चिकटलं. घबराटीचे झटके आणि सततची चिंता यांवर आज जगभर सुरुवातीला याच गटातलं औषध दिलं जातं, आणि पेशंटला डिप्रेशन असावं लागत नाही.

उद्या हीसुद्धा वाईट ठरली तर? काही दोष आजच माहीत आहेत, आणि ते तुम्हाला गोळी सुरू करण्याआधी कळले पाहिजेत. पहिलं, ही गोळी अर्ध्या तासात काम करत नाही. फरक पडायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि पहिल्या पंधरवड्यात मळमळ आणि उलट जास्तच बेचैनी होऊ शकते. कितीतरी लोक नेमकी तेव्हाच ‘मला सोसत नाही’ म्हणून ती टाकून देतात. तुमच्या वयात सुरुवात बहुधा ५ मिलिग्रॅमने होते आणि साधारण १०च्या वर जात नाहीत. दुसरं, ज्येष्ठांमध्ये रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः ब्लडप्रेशरच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर. तुमच्या बीपीच्या पट्टीवर नावापुढे ‘एच’ लिहिलेलं असेल, तर ती पट्टी घेऊनच मॅडमकडे जा आणि काही आठवड्यांनी सोडियम तपासायचं का, हे विचारा. गोंधळल्यासारखं झालं, डोकं जड झालं तर वाट न पाहता तपासणी करून घ्या. तिसरं, अॅस्पिरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि गुडघेदुखीसाठी कुणी ट्रामाडॉल देत असेल तर ते एस्सिटालोप्रामबरोबर जमत नाही. हृदयाची काही तक्रार असेल तर आधी ईसीजी काढतात. आणि हो, हीसुद्धा एकदम बंद करायची नसते. चक्कर येते, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. दहा वर्षांनी आणखी काही कळलं तर कळेल. तुमच्या हातात एवढं आहे की गोळी सुरू होतानाच मॅडमना विचारायचं, ही किती महिने घ्यायची आणि पुन्हा विचार कधी करायचा? जी तारीख ठरेल ती चिठ्ठीवर लिहून घ्या.

आता अल्प्राझोलाम कमी कशी करतात ते. अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती तज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ साली इतर संघटनांबरोबर जी मार्गदर्शिका काढली, तिचं सूत्र असं: दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करा, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा जास्त कधीच नाही. तुमच्या डोसवर हे बसवून पाहू. दिवसाला पाऊण मिलिग्रॅम, म्हणजे पाव मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. पिल कटरने एका गोळीचे चार तुकडे केले तर एक तुकडा साधारण ०.०६ मिलिग्रॅमचा, तुमच्या पूर्ण डोसाच्या ८ टक्क्यांच्या आसपास. असे १२ तुकडे होतात. दर दोन ते चार आठवड्यांनी एक तुकडा काढायचा म्हटलं तर सहा महिने ते वर्ष. शेवटच्या तीन-चार तुकड्यांना त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो, कारण तेव्हा एक तुकडा म्हणजे उरलेल्या डोसाचा मोठा हिस्सा असतो. हे मी तुम्हाला हिशेब कळावा म्हणून सांगते आहे. सकाळचा तुकडा आधी काढायचा की रात्रीचा, हे मॅडमच ठरवतील. साध्या गोळीचेच तुकडे करा, पट्टीवर ‘एसआर’ असेल तर ती गोळी कापायची नसते. एखाद्या टप्प्यावर त्रास झाला तर त्याच डोसावर महिनाभर थांबा. थांबलात म्हणजे हरलात असं नाही. बहुतेक डॉक्टर आधी नवी गोळी चार-सहा आठवडे देऊन तिचा जम बसू देतात आणि मग जुनीला हात लावतात.

एक सावधगिरी. आपल्याकडे एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतात, आणि चिठ्ठीवर त्या सर्रास लिहिल्या जातात. क्लोनाझेपाम तुमच्या जुन्या गोळीचीच बहीण. दोन औषधं एका गोळीत आली की एक कमी करून दुसरं चालू ठेवणं शक्य होत नाही. हातात पडलेल्या पट्टीवर दोन नावं दिसली तर परत जाऊन विचारा.

आणि आता गाडी. तुम्ही हल्ली लोकलने जाता की नाही, हे पत्रात नाही. माझा अंदाज, टाळत असाल. १९९३ साली प्रसिद्ध झालेला लंडन आणि टोरंटोमधला एक अभ्यास मला इथे सांगावासा वाटतो. गर्दीची, प्रवासाची भीती बसलेल्या लोकांमध्ये काहींना अल्प्राझोलाम दिली, काहींना भीतीच्या जागी पायरीपायरीने जायला शिकवलं, काहींना दोन्ही. गोळी थांबल्यावर गोळीने आलेला फायदा गेला. पायऱ्या चढलेल्यांचा टिकला. दोन्ही एकत्र घेतलेल्यांमध्ये तर गोळीने पायऱ्यांच्या फायद्यात खोट आणली. मेंदूला ‘इथे आता काही होत नाही’ हे शिकायचं असेल तर भीती वर चढून आपणहून उतरते हा अनुभव जागेपणी घ्यावा लागतो.

तुमच्या पायऱ्या मी अशा लावेन. दुपारी बाराच्या सुमारास कांदिवलीच्या प्लॅटफॉर्मवर जा, बाकावर बसा, गाड्या जाऊ द्या, चढू नका. धडधड सुरू होईल. उठून जाऊ नका, ती आपणहून उतरेपर्यंत बसा. हे सोपं वाटायला लागलं की धीम्या लोकलने एकच स्टेशन, बोरिवली, सोबत कुणीतरी. मग एकट्या. मग उलट दिशेला मालाड, गोरेगाव, अंधेरी. माहीम आणि माटुंगा रोड सगळ्यात शेवटी, आणि तिथे उतरून थोडा वेळ उभ्या राहा. रोजचा ठरलेला डोस चालू ठेवायचाच, पण प्रवासासाठी म्हणून जादा गोळी नको. सोबत मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर हे फार सुकर होतं. खर्चाची अडचण असेल तर महापालिकेचं जुहूचं कूपर रुग्णालय आहे. नायर, केईएम आणि सायन इथेही मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढला की झालं. रात्री-अपरात्री घाबरं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

केमिस्टवर रागावू नका. मार्च २०१४पासून अल्प्राझोलाम ‘शेड्यूल एच१’मध्ये आहे. पट्टीवरची लाल चौकट तीच. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांचं नाव, तुमचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे त्याला वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं जपावी लागते. मॅडमकडून एका वेळी महिन्याची चिठ्ठी घ्या, चार दिवसांच्या गोळ्या उरल्या असतानाच पुढची आणा, म्हणजे मध्ये खंड पडणार नाही.

जाऊबाईंना मात्र आजपासून गोळी देऊ नका. वाईट वाटेल, पण द्यायची नाही. त्या घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल किंवा दमा असेल, तर ही अर्धी गोळी त्यांचा श्वास आणखी मंद करू शकते. खोकल्याच्या औषधात कोडीन असेल किंवा दुखण्यावर ट्रामाडॉल चालू असेल तर धोका फारच वाढतो. त्यांना विचारा, आठवड्यातून किती रात्री घेता? आणखी कुणाकडून घेता का? रोजच्या झाल्या असतील तर त्यांनीही एकदम तोडू नये. पुढच्या वेळी मॅडमकडे जाताना त्यांना बरोबर घेऊन जा आणि त्यांचा वेगळा केसपेपर काढा.